नजाशीच्या राज्यातील पाहुणे : हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.)

कोकणातील मुस्लिम वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्या घरातील मुलगा, जावई किंवा भाऊ परमुलखात नाही असे घर क्वचितच सापडते. कोणी कुवेतला असतो, कोणी दुबईला, कोणी दक्षिण आफ्रिकेत, तर कोणी इंग्लंडमध्ये. मराठवाड्यातील आणि विदर्भातील तरुणही आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूरदेशी जाऊ लागले आहेत. निघताना आई सामानात जानमाज ठेवते, वडील नमाज चुकवू नकोस असे बजावतात. परंतु ज्या देशात तो चालला आहे तेथील कायदा, तेथील लोकांचा धर्म आणि त्या धर्मातून आलेल्या चालीरीती यांच्याशी त्याने कसे वागावे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. मग काहींची अशी समजूत होते की, परक्यांच्या रीतीला मान देणे म्हणजे आपल्या श्रद्धेत उणेपणा आणणे होय. काहींची याउलट अशी समजूत होते की, परदेशी गेल्यावर श्रद्धा घडी करून पेटीतच ठेवावी लागते.

या दोन्ही समजुती दूर करणारे एक चरित्र इस्लामच्या आरंभकाळातच घडून गेले आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीत आणि त्यांच्याच सांगण्यावरून सुमारे शंभर मुस्लिम स्त्री-पुरुष एका ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला जाऊन राहिले होते. त्यांचे मुखत्व ज्यांच्याकडे होते, ते हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) त्या परक्या भूमीत तेरा वर्षे राहिले. त्यांनी तेथे आपली श्रद्धा गमावली नाही आणि यजमानाचा विश्वासही गमावला नाही.

काकांच्या घरी वाढलेला मुलगा

हजरत जाफर (रजि.) हे प्रेषितांचे चुलत भाऊ. अबू तालिब यांना तालिब, अकील, जाफर आणि अली असे चार पुत्र होते. जाफर (रजि.) हे हजरत अली (रजि.) यांच्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठे होते. अबू तालिब कुरैशांमध्ये प्रतिष्ठित होते, परंतु त्यांची सांपत्तिक स्थिती बेताची होती. मक्केत एकदा दुष्काळ पडला तेव्हा मोठ्या कुटुंबाचा भार त्यांना पेलवेना. तो हलका करण्यासाठी प्रेषितांनी लहानग्या अलींना आपल्या घरी आणले आणि काका हजरत अब्बास (रजि.) यांनी जाफर यांना आपल्या घरी नेले. अशा रीतीने जाफर (रजि.) दुसऱ्याच्या छपराखाली वाढले. आपल्या नसलेल्या घरात कसे राहावे, यजमानाची मर्यादा कशी सांभाळावी, याचे शिक्षण त्यांना बालपणीच मिळाले असले पाहिजे.

इस्लामचा स्वीकार करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत जाफर (रजि.) आणि त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांचा समावेश होतो. चेहरेपट्टीने ते प्रेषितांसारखे दिसत. पुढे एका प्रसंगी प्रेषितांनी स्वतःच त्यांना सांगितले की, ते रूपाने आणि स्वभावाने आपल्यासारखे आहेत. एखाद्या सहाबीच्या वाट्याला याहून मोठी प्रशस्ती क्वचितच आली असेल.

हिजरत आणि तिची निवड

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स. 615 च्या सुमारास, मक्केतील छळ असह्य झाला. तेव्हा प्रेषितांनी आपल्या अनुयायांना लाल समुद्रापलीकडील हबशा देशात जाण्याची अनुमती दिली. आजच्या इथियोपिया व इरिट्रिया या प्रदेशांत त्या वेळी अक्सूमचे राज्य होते. तेथील राजघराण्याने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे मुस्लिम तेथे पोहोचले तेव्हा तो धर्म त्या देशात सुमारे तीनशे वर्षे रुजलेला होता. राजा ख्रिस्ती होता, दरबारात धर्मगुरूंना मानाचे स्थान होते आणि लोकांची प्रार्थना चर्चमध्ये होत असे.

या निवडीचा विचार नीट केला पाहिजे. अनुयायांना पाठवताना प्रेषितांनी त्या राजाचा धर्म कोणता हे पाहिले नाही. त्याच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, हे पाहिले. राहण्याजोगा देश कोणता, हे त्यांनी तेथील न्यायावरून ठरवले. अर्थातच ज्या देशाच्या न्यायाचा आपण आश्रय घेतो, त्या देशाच्या व्यवस्थेला मान देणे हे त्या आश्रयाबरोबरच येते.

पहिल्या तुकडीत थोडेच लोक होते. त्यांत हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. त्यानंतरच्या मोठ्या हिजरतीत हजरत जाफर (रजि.) आणि हजरत अस्मा (रजि.) निघाले. या वेळी 80 हून अधिक पुरुष आणि सुमारे 18 स्त्रिया हबशात पोहोचल्या. तेथील राजाला नजाशी म्हणत. त्यांचे नाव असहमा होते असे हदीस ग्रंथांवरून कळते.

दरबारातील कसोटी

आपली माणसे हातची निसटली आणि परमुलखात सुखाने राहू लागली, हे कुरैशांना सहन झाले नाही. त्यांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ या दोघांना दूत म्हणून पाठवले. अम्र अद्याप इस्लामचे विरोधक होते आणि बुद्धिचातुर्याबद्दल त्यांची ख्याती होती. मक्केचे उत्तम कातडे हबशात आवडीने घेतले जाई. दूतांनी ते भेट म्हणून नेले आणि राजाला भेटण्यापूर्वी एकेका धर्मगुरूच्या हाती नजराणा ठेवला. निर्वासितांचे म्हणणे ऐकण्याआधीच त्यांना आमच्या स्वाधीन करावे, असा सल्ला राजाला द्या, अशी गळ त्यांनी घातली.

नजाशींनी ते मानले नाही. जे आपल्या आश्रयाला आले त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यांना कोणाच्या हाती देणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि मुस्लिमांना बोलावणे पाठवले.

मुस्लिमांची स्थिती किती नाजूक होती याची कल्पना करावी. मागे मक्केतील छळ होता, पुढे समुद्रापलीकडील अनोळखी दरबार. एक शब्द चुकला असता तर बायकामुलांसह सर्वांना साखळदंडात परत जावे लागले असते. त्यांनी एकत्र बसून विचार केला आणि एकमताने ठरवले की, प्रेषितांनी जे शिकवले तेच सांगायचे. मग परिणाम काहीही होवो. बोलण्याचे काम हजरत जाफर (रजि.) यांच्याकडे आले.

एका कथनात असे येते की, त्या दरबारात राजासमोर साष्टांग नमन करण्याची रीत होती. जाफर (रजि.) यांनी आत येताना सलाम केला, परंतु सजदा केला नाही. कारण विचारले गेले तेव्हा, आम्ही अल्लाहखेरीज कोणालाही सजदा करत नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. येथे त्यांचे वर्तन पाहण्यासारखे आहे. ते आज्ञेप्रमाणे दरबारात हजर झाले, राजाला त्यांनी अभिवादन केले, विचारले तेव्हाच बोलले. यजमानाच्या रीतीतील जी एकच गोष्ट त्यांच्या श्रद्धेला अशक्य होती ती त्यांनी केली नाही आणि का केली नाही ते लपवलेही नाही. बाकी सर्व मर्यादा त्यांनी पाळली.

मग त्यांनी आपले म्हणणे मांडले. आपण पूर्वी अज्ञानात होतो, मूर्ती पूजत होतो, मेलेली जनावरे खात होतो, नाती तोडत होतो, शेजाऱ्यांना छळत होतो आणि बलवान दुर्बलाला गिळत होता, हे त्यांनी आधी कबूल केले. नंतर अल्लाहने आमच्यातूनच एक प्रेषित पाठवला, ज्याच्या कुळाची, सचोटीची आणि शीलाची आम्हाला ओळख होती, हे सांगितले. त्या प्रेषिताने एका अल्लाहची उपासना, खरे बोलणे, ठेव परत करणे, नाती जोडणे, शेजाऱ्याशी चांगले वागणे, रक्तपातापासून दूर राहणे आणि अनाथाचे धन न खाणे शिकवले. यासाठीच आमच्या लोकांनी आम्हाला छळले आणि तुमच्या राज्यात अन्याय होणार नाही या आशेने आम्ही इतर सर्वांना सोडून तुमच्याकडे आलो, असे त्यांच्या निवेदनाचे सार होते.

काही कथनांनुसार दूतांना तेथे आणखीही काही प्रश्न विचारले गेले. ही माणसे कोणाचे पळालेले गुलाम आहेत काय, यांनी कोणाचा खून केला आहे काय, कोणाचे धन बुडवले आहे काय? अम्र यांना या प्रत्येक प्रश्नाला नाही असेच उत्तर द्यावे लागले. परदेशी राहणाऱ्या माणसाची खरी ढाल हीच आहे. शत्रूने न्यायालयात उभे राहूनही त्याच्यावर एकही गुन्हा दाखवता येऊ नये.

नजाशींनी अल्लाहकडून आलेल्या वाणीपैकी काही ऐकवण्यास सांगितले. जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमच्या आरंभीच्या आयतींचे पठण केले. त्यांत हजरत जकरिया, हजरत यह्या, हजरत मरयम आणि हजरत ईसा (अलै.) यांचे वृत्तान्त आहेत. दिव्य कुरआनचा किती तरी भाग त्यांना मुखोद्गत असेल. परंतु ज्यांच्या घरी आपण उभे आहोत त्यांच्या हृदयाला जे जवळचे आहे, ते त्यांनी निवडले. ऐकता ऐकता नजाशींची दाढी अश्रूंनी भिजली आणि धर्मगुरूंच्याही डोळ्यांत पाणी आले. दूतांची मागणी फेटाळली गेली.

दुसऱ्या दिवसाचा प्रश्न

अम्र यांनी अजून एक बाण राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजाला सांगितले की, हे लोक हजरत ईसांविषयी फार मोठी गोष्ट बोलतात, त्यांना दास म्हणतात. नजाशींनी मुस्लिमांना पुन्हा बोलावले. हजरत उम्मे सलमा (रजि.) त्या वेळी हबशातच होत्या. त्यांच्या कथनावरून कळते की, इतका कठीण प्रसंग मुस्लिमांवर पूर्वी आला नव्हता. आता प्रश्न थेट यजमानांच्या श्रद्धेच्या गाभ्याला भिडला होता. गुळमुळीत उत्तर दिले असते तर ते असत्य झाले असते. उर्मटपणे दिले असते तर तो आश्रयदात्याचा अवमान ठरला असता.

जाफर (रजि.) यांनी प्रेषितांनी शिकवले तेवढेच सांगितले. हजरत ईसा (अलै.) हे अल्लाहचे दास आणि त्याचे प्रेषित आहेत, त्याच्याकडील आत्मा आहेत आणि पवित्र कुमारी मरयमकडे पाठवलेला त्याचा शब्द आहेत. या उत्तरात एक अक्षरही वगळलेले नव्हते आणि कोणाचा अवमान करणारा एकही शब्द नव्हता. यजमान ज्यांना पूज्य मानतात त्यांचे नाव त्यांनी सन्मानानेच घेतले. नजाशींनी जमिनीवरील एक काडी उचलली आणि या वर्णनात व ईसांच्या खऱ्या स्थानात त्या काडीएवढेही अंतर नाही असे म्हटले. धर्मगुरू कुरकुरले, परंतु राजाने त्यांची पर्वा केली नाही. मुस्लिम माझ्या भूमीत सुरक्षित आहेत आणि जो त्यांना शिवीगाळ करील त्याला दंड होईल, असे जाहीर करून त्यांनी कुरैशांचे नजराणे परत केले.

परदेशातील तेरा वर्षे

दरबाराचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो; त्यानंतरची वर्षे मात्र विस्मृतीत जातात. एका दिवशी धैर्याने बोलणे एक वेळ सोपे असते, परंतु परक्या देशात वर्षानुवर्षे नीट राहणे कठीण असते.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनानुसार तेथे मुस्लिमांना उत्तम शेजार लाभला. ते आपली उपासना निर्भयपणे करत आणि कोणी त्यांना दुखवत नसे. याच काळात हबशातील एका दावेदाराने नजाशींविरुद्ध उठाव केला. मुस्लिमांना त्याचे अतोनात दुःख झाले. नाईल नदीपलीकडे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली तेव्हा, वार्ता कोण आणील, असा प्रश्न निघाला. सर्वांत तरुण असलेले हजरत जुबैर (रजि.) पुढे आले. हवा भरलेली पखाल छातीखाली घेऊन ते नदी पोहून गेले. इकडे बाकीचे मुस्लिम नजाशींच्या विजयासाठी अल्लाहकडे दुआ करत राहिले. जुबैर (रजि.) विजयाची वार्ता घेऊन आले तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तसा आनंद फार क्वचित झाला होता असे उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितले आहे. ज्या देशाने आसरा दिला त्या देशाची शांतता ही आपलीही शांतता आहे, असे ते मानत होते.

त्यांनी त्या देशाच्या लोकांकडे डोळे मिटून पाठ फिरवली नाही. उम्मे सलमा आणि उम्मे हबीबा (रजि.) यांनी तेथील मरयमच्या नावाचे एक चर्च आणि त्यातील चित्रे पाहिली होती. पुढे मदीनेत त्यांनी त्याचे वर्णन केले, तेव्हा प्रेषितांनी कबरींवर उपासनागृहे उभारण्यापासून आणि त्यांत चित्रे काढण्यापासून आपल्या उम्मतीला सावध केले. ही शिकवण मुस्लिमांना, मुस्लिमांच्या घरात दिली गेली. हबशात असताना या स्त्रियांनी यजमानांच्या अंगणात उभे राहून वाद घातल्याचे कोठे येत नाही.

जे चांगले दिसले ते त्यांनी घेतलेही. हबशातील लोक स्त्रीची अंत्ययात्रा नेताना तिरडीवर वाकवलेल्या फांद्यांचा आडोसा करून त्यावर कापड टाकत, हे हजरत अस्मा (रजि.) यांनी पाहिले होते. पुढे हजरत फातिमा (रजि.) यांना आपल्या जनाजाच्या वेळी पडदा राहील की नाही याची चिंता वाटली, तेव्हा अस्मा (रजि.) यांनी ही पद्धत त्यांना दाखवली आणि ती त्यांना आवडली, असे कथनांत येते. स्त्रियांच्या जनाजावर घातला जाणारा आडोसा पाहताना आपल्याला हे आठवले पाहिजे.

जाफर (रजि.) यांचे अब्दुल्लाह, मुहम्मद आणि औन हे तिन्ही पुत्र हबशातच जन्मले. मुस्लिमांची मुले त्या भाषेच्या सान्निध्यात वाढली. हबशात जन्मलेली एक बालिका पुढे मदीनेत प्रेषितांपुढे आली, तेव्हा त्यांनी तिला नवे वस्त्र घातले आणि सुंदर या अर्थाचा हबशी शब्द उच्चारून तिचे कौतुक केले. परक्या देशाची भाषा बोलण्यात प्रेषितांना कमीपणा वाटला नाही.

तेथील आयुष्य सोपे होते असे मात्र कोणी समजू नये. घरच्यांचा वियोग होता, भीती होती आणि श्रद्धेची परीक्षाही होती. सीरतकारांच्या प्रसिद्ध कथनानुसार उम्मे हबीबा (रजि.) यांचे पती उबैदुल्लाह बिन जहश यांनी हबशात इस्लाम सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला. परदेशात एकट्या पडलेल्या त्या विधवेने मात्र आपली श्रद्धा सोडली नाही. पुढे प्रेषितांचा त्यांच्याशी निकाह झाला आणि तो लावून देण्याचे व महर देण्याचे काम नजाशींनी केले. यजमानांचा आदर करणे आणि यजमानांमध्ये विरघळून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट जाफर (रजि.) यांनी शिकवली, दुसरीपासून त्यांनी स्वतःला आणि आपल्या लोकांना जपले.

स्वतः नजाशींनी मनोमन इस्लामचा स्वीकार केला होता, असे मुस्लिम परंपरा मानते. त्यांच्या निधनाची वार्ता प्रेषितांनी मदीनेत दिली आणि त्यांची जनाजाची नमाज अदा केली. राजाचे मन इतके जवळ असतानाही मुस्लिमांनी त्या देशाचा कारभार आपल्या हाती घेण्याचा किंवा तेथील लोकांत फूट पाडण्याचा प्रयत्न केला नाही. ते पाहुणे म्हणून आले आणि पाहुणे म्हणून राहिले.

दोन हिजरतींचे लोक

या काळात मदीनेत इतिहास घडत होता. बद्र झाले, उहुद झाले, खंदक झाले. जाफर (रजि.) यांपैकी कशातही नव्हते. याच सुमारास यमनहून निघालेल्या हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची नौका वाऱ्यामुळे हबशाच्या किनाऱ्याला लागली. तेव्हा जाफर (रजि.) यांनी त्यांना सांगितले की, प्रेषितांनी आम्हाला येथे पाठवले आहे आणि येथे राहण्याची आज्ञा केली आहे, तुम्हीही आमच्याबरोबर राहा. बोलावणे येईपर्यंत ते थांबले.

हिजरी सन 7 मध्ये, म्हणजे इ.स. 628 मध्ये, ते बोलावणे आले. नजाशींनी त्यांना दोन नौकांतून सन्मानाने रवाना केले. ते पोहोचले तेव्हा प्रेषितांनी नुकताच खैबर जिंकला होता. त्यांनी जाफर (रजि.) यांना जवळ घेऊन कपाळाचे चुंबन घेतले. खैबरच्या विजयाचा आनंद अधिक की जाफरच्या येण्याचा, हे आपल्याला सांगता येत नाही, असे त्या वेळी ते म्हणाल्याचे कथन आहे.

एके दिवशी हजरत अस्मा (रजि.) उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्या घरी बसल्या असताना हजरत उमर (रजि.) तेथे आले. आम्ही हिजरतीत तुमच्या आधी आहोत, म्हणून प्रेषितांवर आमचा हक्क अधिक आहे, असे ते बोलून गेले. अस्मा (रजि.) संतापल्या. तुम्ही प्रेषितांच्या सहवासात होता, ते तुमच्यातील भुकेल्याला जेवू घालत आणि अजाणत्याला शिकवत. आम्ही मात्र अल्लाहसाठी दूरच्या परक्या भूमीत भय आणि त्रास सोसत होतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि हे गाऱ्हाणे प्रेषितांपुढे नेले. प्रेषितांनी निर्णय दिला की, उमर आणि त्यांच्या सोबत्यांची एकच हिजरत आहे, तर नौकेतून आलेल्यांच्या दोन हिजरती आहेत. हे ऐकण्यासाठी नौकेतील लोक गटागटाने अस्मा (रजि.) यांच्याकडे येत. जगातील कोणत्याही गोष्टीने त्यांना इतका आनंद झाला नव्हता. परदेशात घालवलेली वर्षे वाया गेली, असे वाटणाऱ्या प्रत्येक माणसासाठी या निर्णयात दिलासा आहे.

गरिबांचे आश्रयदाते

मदीनेत जाफर (रजि.) यांना फार थोडा काळ मिळाला. त्या अल्पकाळात ते गरिबांचे आश्रयदाते म्हणून ओळखले गेले. हजरत अबू हुरैरा (रजि.) भुकेने व्याकूळ असत तेव्हा जाफर (रजि.) त्यांना घरी नेत आणि जे असेल ते वाढत. कधी घरात काहीच नसे. मग तुपाची रिकामी कातडी पिशवी फाडून तिच्या आत चिकटलेले तूप पाहुण्यांपुढे ठेवत. जो तेरा वर्षे दुसऱ्याचा पाहुणा होता, त्याला पाहुण्याची भूक आणि पाहुण्याचा मान या दोन्ही गोष्टी कळत होत्या.

मूता

हिजरी सन 8 मध्ये, म्हणजे इ.स. 629 मध्ये, मूताची मोहीम निघाली. इतिहासकारांच्या कथनानुसार प्रेषितांचे दूत हजरत हारिस बिन उमैर (रजि.) यांना शाम प्रदेशाच्या सीमेवरील एका गस्सानी सरदाराने ठार केले होते. दूताला हात लावू नये ही सर्व राष्ट्रांनी मानलेली रीत त्याने मोडली होती. एका ख्रिस्ती राजाने परक्यांचे प्राण राखले होते आणि त्याच धर्माच्या दुसऱ्या सत्ताधाऱ्याने परक्या दूताचा प्राण घेतला. न्याय आणि अन्याय माणसाच्या वर्तनावरून ओळखावा, त्याच्या धर्माच्या नावावरून ओळखू नये, हे जाफर (रजि.) यांच्याइतके कोणाला कळणार होते!

तीन हजारांच्या सैन्याचे नेतृत्व हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांच्याकडे, त्यांच्यानंतर जाफर (रजि.) यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांच्याकडे सोपवले होते. समोरचे सैन्य कितीतरी पटींनी मोठे होते. जैद (रजि.) शहीद झाल्यावर जाफर (रजि.) यांनी ध्वज उचलला. उजवा हात तुटला तेव्हा तो डाव्या हाती घेतला. डावाही तुटला तेव्हा दंडांनी उराशी धरला आणि तसेच शहीद झाले. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. त्यांच्या शरीराच्या पुढील भागावर कितीतरी जखमा मोजल्या गेल्या; पाठीवर एकही नव्हती.

वार्ताहर पोहोचण्यापूर्वीच प्रेषितांनी मदीनेत तिघांच्या शहादतीची बातमी दिली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. ते अस्मा (रजि.) यांच्या घरी गेले, हबशात जन्मलेल्या त्या मुलांना जवळ घेऊन त्यांनी हुंगले आणि ते रडले. जाफरच्या घरच्यांवर दुःख कोसळले आहे, त्यांच्यासाठी जेवण तयार करा, असे त्यांनी आपल्या घरी सांगितले. मयतीच्या घरी शेजाऱ्यांनी व नातलगांनी जेवण पाठवण्याची जी रीत आपल्या गावोगावी पाळली जाते, तिला या सुन्नतीचा आधार आहे. तुटलेल्या हातांच्या बदल्यात अल्लाहने त्यांना जन्नतमध्ये पंख दिले, असे प्रेषितांनी सांगितले. म्हणून त्यांना जाफर तय्यार, म्हणजे उडणारे जाफर, म्हणतात. आजच्या जॉर्डनमध्ये, मूताजवळील मजार या गावी त्यांची कबर आहे.

आपल्यासाठी धडा

परदेशी असलेल्या आपल्या मुलाला या चरित्रातून काय सांगावे?

पहिली गोष्ट अशी की, व्हिसा घेऊन दुसऱ्या देशात शिरणे हा एक करार आहे. फिकहच्या ग्रंथांत याला अमान म्हटले आहे. जो मुस्लिम अमान घेऊन परक्या भूमीत गेला, त्याला तेथील लोकांशी दगाफटका करणे, त्यांचे धन लुबाडणे वा करार मोडणे हराम आहे, असे फुकहांनी स्पष्ट केले आहे. करार पाळण्याची आज्ञा कुरआनने श्रद्धावंतांना दिलेली आहे आणि समोरचा मुस्लिम असेल तरच ती लागू होते असे नाही. मुदत संपल्यावर लपून राहणे, खोटे कागद करणे, कर चुकवणे या गोष्टी तेथील कायद्याने गुन्हा आहेतच. आपल्या धर्मानेही त्या गुन्हाच आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, यजमानांच्या धर्मातून आलेल्या रीतींचा मान राखावा. आखाती देशांत रमजानच्या दिवसांत आपले हिंदू आणि ख्रिस्ती सहकारी उघड्यावर खाणेपिणे टाळतात, तेव्हा आपल्याला बरे वाटते. मग जेथे दुसऱ्यांचा पवित्र दिवस, त्यांचे देऊळ वा चर्च, त्यांची स्मशानशांतता आहे, तेथे तीच अदब आपल्याकडून अपेक्षित असणार. मुस्लिम देशांतही प्रत्येक ठिकाणची रीत आपल्या गावासारखी नसते. तेथे मशिदीत आपला मसलक लादण्यासाठी भांडण करणे हेही पाहुण्याला शोभत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, जे आपल्या श्रद्धेला खरोखर अशक्य आहे ते करू नये. परंतु त्याची यादी लहान असावी आणि खरी असावी. जाफर (रजि.) यांनी दरबारातील एकाच गोष्टीला नकार दिला. तो नकार उघड, शांत आणि सकारण होता. आपली प्रत्येक सवय श्रद्धेच्या नावावर खपवणाऱ्याचा खरा नकार उद्या कोणी मानणार नाही.

चौथी गोष्ट घरी राहिलेल्या आईवडिलांसाठी आहे. परदेशाहून पैसे किती आले याची चौकशी आपण करतो. तेथे शेजारी कसे आहेत, त्यांच्याशी तुझे वागणे कसे आहे, तुझ्याविषयी कोणाची तक्रार तर नाही ना, हेही विचारत जावे. अम्र बिन आस यांच्यासारख्या चतुर माणसालाही हबशातील मुस्लिमांविरुद्ध एक गुन्हा सापडला नाही. पुढे हेच अम्र (रजि.) इस्लाममध्ये आले.

अल्लाह आपल्या परदेशी असलेल्या मुलाबाळांना हजरत जाफर (रजि.) यांची श्रद्धा, त्यांची सचोटी आणि त्यांची नम्रता लाभू देवो, त्यांना नजाशींसारखे न्यायी यजमान मिळोत आणि ते सुखरूप आपल्या घरी परतोत. आमीन.